भिंतीतून गेलेला रेणू

मुलाखतीत स्थिर चित्राऐवजी फिल्म दाखवावी, असे मी ठरवले ते काही कलेच्या प्रेमापोटी नव्हे. निवड समितीच्या अध्यक्षबाईंना स्थिर चित्रे पाहताना झोप लागते, अशी माहिती विभागाच्या शिपायाने दिली होती. (मी ऐकीव माहितीवर विश्वास ठेवत नाही. परंतु शिपाई त्या खोलीत चहा नेतो, आणि कोणाचा चहा गार होतो हे त्याला ठाऊक असते.) जीवरसायनशास्त्र विभागात मी गेली कित्येक वर्षे 'तात्पुरती' आहे. कायमची जागा एकच निघाली होती आणि ती गेल्यास पुढची कधी निघेल, हे विभागप्रमुखही सांगू शकत नव्हते. उमेदवार दोन होते. एक मी. दुसरे माझे सहकारी, ज्यांना विद्यार्थी 'स्लाइडसम्राट' म्हणतात.

या स्लाइडसम्राटांशी माझा जुना हिशेब नव्हता. नवा होता, आणि तो मीच उघडला होता. रेणूंची त्रिमिती चित्रे दाखवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तळाशी एक पट्टी असते. तिला टाइमलाइन म्हणतात. तिच्यावर आपण खुणा करायच्या: या क्षणी रेणू इथे, त्या क्षणी तिथे. दोन खुणांमधला प्रवास सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने भरते, आणि त्याचे मन फार सरळ आहे. ते इथून तिथे थेट रेघ ओढते. वाटेत भिंत आली, तर तिचे त्याला सोयरसुतक नसते. (माझा नवरा बाहेरगावी गेला की असेच दोन फोन करतो: 'निघालो' आणि 'पोचलो'. मधल्या वेळात तो कुठे होता, ते रेघ ओढून मी काढायचे.)

तर, मागच्या सेमिनारमध्ये स्लाइडसम्राटांनी दाखवलेल्या फिल्ममध्ये औषधाचा रेणू प्रथिनाची भिंत आरपार भेदून आत जाऊन बसला. मी उभी राहिले.

"सर, दार तिकडे आहे," मी म्हणाले. "प्रथिनाला भिंती असतात. आणि हे औषध आहे, भूत नाही."

सभागृह हसले. स्लाइडसम्राटांनी फक्त चष्मा पुसला.

साहजिकच माझी फिल्म निर्दोष असणे भाग होते. माझ्या प्रथिनाला एका अंगाला झडप आहे, तेच त्याचे दार. माझा रेणू विरुद्ध बाजूने येणार, प्रथिनाला वळसा घालणार, झडप उघडेपर्यंत उंबऱ्याशी थांबणार, अंग चोरून आत शिरणार आणि परक्या घरी गेलेल्या शहाण्या पाहुण्यासारखा दाखवलेल्या जागी बसणार. त्यासाठी मी टाइमलाइनवर इतक्या खुणा केल्या, की ती पट्टी मुंग्यांची रांग दिसू लागली. कच्ची फिल्म मी पुन्हा पुन्हा पाहिली. रेणूचे वर्तन आदर्श होते. आता उरले होते पक्की फिल्म काढणे, म्हणजे फिल्मची एकेक फ्रेम, एकेक चौकट, सावल्यांसह रंगवणे. ते काम लॅपटॉप एकट्याने करतो, परंतु निमूटपणे करत नाही.

रविवारी जेवणे आटोपल्यावर मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर दोन पालथ्या वाट्यांवर ठेवला, बटण दाबले आणि घरच्यांना उद्देशून म्हणाले, "याला कुणी हात लावायचा नाही."

"मी कशाला हात लावतोय?" नवरा म्हणाला.

"वॉशिंग मशीनकडेसुद्धा तू नुसताच बघत होतास."

"ते आधीच बिघडलं होतं."

"तू बघायच्या आधी?"

त्याने वर्तमानपत्र उघडले. सासूबाईंनी लॅपटॉपच्या पाठीला बोट लावून पाहिले. "अगं, केवढं तापलंय हे. दूध ठेवलं तर उतू जाईल."

"तापू द्या, आई. काम करतंय ते."

"काम मीही करते. मी असं घूं घूं करते का?"

"करतेस," वर्तमानपत्रामागून उत्तर आले.

मी आतल्या खोलीत जाऊन दार लावले आणि कपाटाच्या आरशासमोर भाषणाचा सराव सुरू केला. (आरशातल्या बाईने एकही शंका विचारली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.) बऱ्याच वेळाने बाहेर आले, तर टेबलफॅनचे तोंड लॅपटॉपकडे वळवलेले, शेजारी ओल्या फडक्याची घडी, आणि मायलेक दोन बाजूंना रुग्णाच्या उशाशी बसावे तसे बसलेले.

"कसं आहे?" मी विचारले.

"आता जरा बरं आहे," नवरा म्हणाला. "मघाशी फार घाबरवलं."

पडद्यावरची चौकटींची मोजणी मघापेक्षा मागे गेली आहे, असे मला वाटले. काळजीत माणसाला काहीही वाटते, असे मी स्वतःला बजावले. (डोळ्यांना दिसले ते सोडून सोयीच्या समजुतीवर विसंबल्याचा हा पहिला प्रसंग. दुसरा लगेचच घडला.) दिवेलागणीला फिल्म तयार झाली. मी पहिली चौकट पाहिली: रेणू बाहेर. शेवटची पाहिली: रेणू आत. मधले सगळे कच्च्या फिल्ममध्ये इतक्यांदा पाहिले होते, की ते आता मला पाठ होते. मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि सोमवारच्या साडीला इस्त्री करू लागले.

समितीची खोली नुकतीच नवी केली होती. दाराशेजारी जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत होती, इतकी स्वच्छ की ती आहे हे तिच्यावरच्या कागदी चिकटपट्टीमुळेच कळायचे. सादरीकरण खुले असल्याने दोघेही उमेदवार आत होतो. पहिला नंबर स्लाइडसम्राटांचा. त्यांनी केवळ स्थिर चित्रे दाखवली. सेमिनारनंतर त्यांनी फिल्मचा नाद सोडला होता. दुसऱ्याच चित्राला अध्यक्षबाईंची हनुवटी छातीवर टेकली. माझ्या अंतःकरणात जे झाले, त्याला सभ्य भाषेत समाधान म्हणतात.

मग माझी फिल्म सुरू झाली. बाई ताठ बसल्या. त्यांनी चष्मा बदलला. "अरे वा," त्या म्हणाल्या, "हे हलतंय."

हलत होते खरे. रेणू आला. वळसा घालण्याची वेळ आली आणि गेली. झडप उघडली नाही. तिला कोणी विचारलेच नाही. माझा शहाणा पाहुणा, दाराच्या नेमक्या विरुद्ध बाजूने, संथपणे आणि निर्लज्जपणे, भिंतीतून आत शिरला आणि जागेवर जाऊन बसला.

बहुधा कोणाच्या लक्षातही आले नव्हते. परंतु कडेच्या खुर्चीवर स्लाइडसम्राट सावकाश चष्मा पुसत होते, आणि ते मला सहन झाले नाही.

"थांबा," मी म्हणाले. "हे चूक आहे."

त्यानंतर मी थांबले नाही. भिंत का भेदता येत नाही, झडप न उघडता आत जाणे का अशक्य आहे, अशा फिल्मने विद्यार्थ्यांची कशी दिशाभूल होते, हे मी मुद्देसूद मांडले. माझ्या कामाविषयी बोलण्यासाठी ठेवलेला सगळा वेळ त्यात गेला. इतके प्रभावी मी आयुष्यात बोलले नव्हते.

"फिल्म कुणी केलीये?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"मी."

"आणि हे आक्षेप?"

"तेही माझेच."

बाहेर व्हरांड्यात येऊन मी नवऱ्याला फोन लावला.

"अरे, तू फिल्मला हात लावलास?"

"फिल्मला नाही," तो म्हणाला. "खालच्या त्या पट्टीला फक्त."

"काय केलंस?"

"ओझं कमी केलं गं. आई म्हणाली, जीव जाईल त्याचा. मग थांबवलं, मधल्या खुणा काढल्या, परत सुरू केलं. सगळ्या सारख्याच तर दिसत होत्या. पहिली आणि शेवटची ठेवली ना. तेवढं कळतं मला."

मागून सासूबाईंचा आवाज आला. "तिला विचार, गार आहे ना आता?"

"आई विचारतेय, लॅपटॉप गार आहे ना?"

"गार आहे," मी म्हणाले. "मीही."

"पण मग तू आधी बघितली नव्हतीस का फिल्म?"

"बघितली होती."

"सगळी?"

मी फोन ठेवला.

दुपारी आम्हा दोघांना पुन्हा आत बोलावले. अध्यक्षबाई माझ्याकडे पाहून मनापासून हसल्या. मला वाटले, प्रामाणिकपणाची कदर करणारी माणसे अजून जगात आहेत.

"मॅडम, तुमची फिल्म मी अगदी डोळ्यांत तेल घालून पाहिली," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तिच्यावर घेतलेले आक्षेप समितीला पूर्णपणे मान्य आहेत. एकन् एक."

"धन्यवाद," मी म्हणाले. (दुसरे काय म्हणणार?)

"सरांच्या वेळी मला जरा डुलकी लागली. पण त्यांच्या कामात चूक दिसल्याचं कुणीच म्हटलं नाही. त्यामुळे जागा त्यांना."

मी पुन्हा धन्यवाद म्हणाले. कागद गोळा केले, मान ताठ ठेवली आणि अत्यंत सन्मानाने, कोणाकडेही न पाहता, बाहेर पडायला निघाले. काचेवरची चिकटपट्टी दुपारी कोणीतरी काढून टाकली होती. माझ्या कपाळाचा आवाज झाला, तेव्हा अध्यक्षबाई दचकल्या. म्हणजे त्यांचा पुन्हा डोळा लागला असावा.

स्लाइडसम्राट लगबगीने उठले. त्यांनी दार उघडले, आणि ते हातात धरून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाले, "मॅडम, दार इकडे आहे."