शिवाप्पाचा जोडमाईक

शिवाप्पा घरी आला की नमस्काराआधी माझी खुर्ची फिरवायचा. "भिंतीकडं तोंड करून बोलू नका, वकीलसाहेब. आवाज माघारी येतोय." एकदा ऐन भांडणात त्यानं स्वतःच्या बायकोलाही खांद्याला धरून खिडकीकडं वळवलं होतं, शिव्या घुमू नयेत म्हणून! ती हसत सुटली आणि भांडण बुडालं.

गडमुडशिंगी गावात त्याचा लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावायचा धंदा. माईकची शिट्टी ही त्याची जन्माची वैरीण. मंगलाष्टकांत ती किंचाळली की हा हातातल्या अक्षता नवरदेवाऐवजी माईकवर फेकायचा. नव्वदच्या दशकात एका दुपारी त्यानं माझ्या टेबलावर दोन माईक ठेवले. एकमेकांना करकचून बांधलेले, एकाची वायर उलटी जोडलेली. कर्ण्यातून माघारी येणारा लांबचा आवाज दोघांत सारखाच शिरतो आणि उलट्या वायरीमुळं स्वतःलाच खातो. एकाच माईकच्या तोंडाशी बोललेला तेवढा उरतो. शिट्टी गायब!

"पेटंट पायजे. माझं नाव लागाय पायजे ह्येला."

मी ऐटीत कायदा सांगितला. धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही. आणि जेवायच्या घाईत थट्टेनं म्हणालो, "जा, विचारून ये सगळ्यांना."

गडी खरंच गेला! स्कूटरला कर्णा बांधून हुपरी, कुरुंदवाड, सगळे स्पीकरवाले पालथे घातले आणि नाचत परतला.

"एकालाबी सुचलं न्हवतं, साहेब! सगळ्यांची तोंडं अशी!" त्यानं आ वासून दाखवला.

"पण विचारलंस कसं?"

"कसं म्हंजे? तुम्हीच सांगितलंसा की! सोडून, जोडून, वाजवून दावलं. एकानं तर चित्र काढून घेतलं. वर च्या पाजला!"

मी कपाळाला हात लावला. चारचौघांना दाखवलेल्या गोष्टीला पेटंट कुठलं? पुढच्या लगीनसराईत मांडवामांडवांत जोडमाईक. "कुणाला दाखवू नकोस," हे मी आधी सांगायला हवं होतं. ते राहिलंच, वर आपली चूक झाकायला म्हणालो, "सोपंच होतं रे. कुणालाही सुचलं असतं." लोकांनाही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. ते खोटं होतं.

पुढं माझ्या नातीच्या लग्नात शिवाप्पा पाहुणा म्हणून आला. माईकवाल्याला त्यानं भोळेपणानं विचारलं, "पावणं, हे दोन का बांधल्यासा?"

"शिट्टी येत न्हाय, काका."

"भारी डोकं हाय की! कुणाचं?"

"कुणाचं न्हाय. हे असंच असतंय."

शिवाप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी पानाच्या तबकाकडं पाहिलं.

तो हसला. मग खाली वाकून त्यानं पाहुण्यांच्या पायांत येणारी त्या माईकची वायर कडेला सारली. झोपेत पांघरुणाबाहेर आलेला लेकराचा हात आत घ्यावा, तशी.