छपरासाठी परदेशवारी

सांस्कृतिक खात्याच्या नियमावलीनुसार सभागृहाचे छप्पर गळणे ही सांस्कृतिक बाब नाही, ती बांधकामाची बाब आहे. बांधकाम खात्याचे मत असे की, ज्या छपराखाली देवाचे गाणे होते ते छप्पर पूर्णपणे सांस्कृतिक आहे. दोन्ही खात्यांचा पत्रव्यवहार अत्यंत सौजन्याने चालू होता. पाणी मात्र कोणाचीच मंजुरी न घेता आत येत होते.

बाजारामागच्या या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी बुवा निरूपण करीत. देवाची गोष्ट, थोडी गाऊन, थोडी बोलून. भर रंगात आले की मध्येच थांबत आणि विचारत, "ऐकताय ना?" मंडळी म्हणत, "ऐकतोय." तेव्हा गोष्ट पुढे. उत्तर आले नाही तर पुढचा शब्द काढायचा नाही, असा त्यांच्या गुरूंचा दंडक होता. गुरू म्हणत, ऐकणारा हुंकारल्याशिवाय देवसुद्धा पाऊल उचलत नाही, तुला कसली घाई?

मंडळी आताशा कमी झाली होती. होती तीही कोरड्या कोपऱ्यात अंग चोरून बसत, आणि बादलीत पडणारे थेंब बुवांचा ताल बिघडवत. त्यातच पालिकेने कळवले, छप्पर दुरुस्त झाले नाही तर सभागृह धोकादायक म्हणून बंद करू. बुवा थेट सांस्कृतिक उपसंचालकांकडे गेले.

"छपरासाठी छदाम नाही, बुवा," उपसंचालक म्हणाले. "परदेशासाठी मात्र भरपूर तरतूद आहे."

"परदेशात माझं छप्पर कुठंय, साहेब?"

"ऐका तर. आपल्या प्रांताला परक्या देशांशी मैत्री वाढवायची आहे. दाखवायला रस्ते नाहीत, वीज येऊनजाऊन. राहता राहिली संस्कृती. तुम्ही तिकडे गा. त्यांनी वा म्हटलं की तुम्ही वारसा. वारसा झालात की छपराकडे बघावंच लागेल."

बुवांनी देवाचे नाव घेतले आणि होकार दिला.

"गळतंय इथं आणि ठिगळ लावायला निघालात तिकडं," बायको बॅग भरताना म्हणाली. "शिडी तेवढी बरोबर न्या."

मग खात्याने गोष्ट तपासायला घेतली. गर्विष्ठ राजाच्या दारात भिकाऱ्याच्या रूपाने देव येतो, अशी ती गोष्ट. यजमान देशात राजा होता, म्हणून राजा काढला. भिकाऱ्यामुळे प्रांताची प्रतिमा डागाळते, म्हणून त्याचा गुंतवणूकदार केला. देव कोणत्या बाजूचा हा प्रश्न नाजूक असल्याने त्याच्या जागी 'परस्पर सहकार्य' आले.

"मग उरलं काय, साहेब?" बुवांनी विचारले.

"दार उरलंय की," उपसंचालक म्हणाले. "मुक्त व्यापाराच्या दृष्टीने दार फार चांगलं."

तिकडच्या सभागृहात शिरताच बुवांनी आधी वर पाहिले. छप्पर कसे आरशासारखे. त्यांचा ऊर भरून आला. पहिल्या रांगेत यजमान देशाचे अधिकारी होते, त्यांच्या शेजारी आपले मंत्री, आणि मंत्र्यांमागे उपसंचालक. बुवांनी डोळे मिटून सूर लावला आणि गुंतवणूकदाराला दारापर्यंत आणले. तिथे सवयीने थांबले.

"ऐकताय ना?"

दुभाष्याने प्रश्न पोचवला. पहिल्या रांगेत कुजबुज झाली.

"हा प्रश्न अधिकृत आहे का?" यजमानांच्या राजशिष्टाचार अधिकाऱ्याने विचारले.

"दिसतो तरी," दुभाष्या म्हणाला.

"मग हो म्हणणं म्हणजे बांधिलकी झाली. नाही म्हणणं म्हणजे अपमान. राजधानीला विचारावं लागेल."

आपल्याकडून उपसंचालकांना "ऐकतोय" म्हणता आले असते. पण मंत्र्यांच्या आधी ऐकणे शिस्तीत बसत नव्हते, आणि मंत्री त्या वेळी छायाचित्रकाराला आपली चांगली बाजू दाखवत होते. बुवा उभे. गुरूंचा दंडक मोडायचा कसा? कार्यक्रमाची ठरलेली वेळ तशीच सरून गेली.

मग सारे सभागृह उठून टाळ्या वाजवू लागले. एवढे नेमके मौन त्यांनी कधी ऐकले नव्हते. मंत्र्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले की मौन हीच आमच्या प्रांताची प्राचीन कला आहे आणि सरकारला तिचा दीर्घ अनुभव आहे. दोन्हीकडच्या मैत्रीच्या करारावर सह्या झाल्या.

परतल्यावर उपसंचालक स्वतः सभागृहात आले. हातात पितळी पाटी होती.

"अभिनंदन, बुवा. सभागृहाला वारशाचा दर्जा मिळाला. आता कोणाच्या बापाला ते बंद करता येणार नाही."

"आणि छप्पर?"

"त्याला आता हातही लावायचा नाही. वारसा जसा आहे तसा जपायचा असतो. गळतीसकट."

त्या गुरुवारी सभागृह प्रथमच ओसंडून वाहिले. जुनी मंडळी जागा न मिळाल्याने दारातूनच परत गेली आणि आत नव्यांनी मोबाइल उंच धरले. बुवांनी आपली गोष्ट काढली, राजा, भिकारी आणि देव सगळ्यांसकट. भिकारी दारात आला. बुवा थांबले.

"ऐकताय ना?"

कोणी हूं की चूं केले नाही. गाजलेले मौन ते हेच, म्हणून सगळ्यांनी श्वास रोखला. बुवांनी पुन्हा विचारले. सगळीकडे फक्त मोबाइलचे दिवे.

शेवटी बादलीजवळ, ठिबकत्या जागेखाली बसलेली बायको म्हणाली, "अहो, मी ऐकतेय. म्हणा पुढं."

"शू, काकू," शेजारचा माणूस म्हणाला. "रेकॉर्डिंग चाललंय."

बुवांनी पदराने डोके पुसणाऱ्या बायकोकडे पाहिले आणि गोष्ट पुढे नेली. मौन मोडले तशी गर्दी चरफडत बाहेर पडली. भिकाऱ्याचा देव झाला तेव्हा ऐकायला ती एकटीच होती.

तुम्हाला त्या अधिकाऱ्यांचे हसू आले असेल, यायलाच हवे. पण बुवांनी घरच्या सभागृहात दोनदा विचारले, तेव्हा तुम्हीही इथेच होतात. तुमच्याकडून काही ऐकू आले नाही.