उडी मारणारी तबकडी

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी बायकोला पहिल्या नाचाचं गाणं ऐकवायचं, एवढंच विल्फ्रिडोने ठरवलं होतं. त्यासाठी त्याने 'एल ट्रुएनो' हा आपला कपाटाएवढा पिको, म्हणजे रंगवलेला अवाढव्य स्पीकर, अंगणात ओढून काढला. त्या गाण्याची तबकडी अख्ख्या बारांक्विया शहरात फक्त आपल्याकडे आहे, असं तो जावयाला, ऑर्लिसला, सकाळपासून ऐकवत होता. बायको, न्यूरिस, मात्र दर वाढदिवसाच्या रिवाजाप्रमाणे, लग्नाच्या वर्षी आपलं शिलाई मशीन चोरून नेणाऱ्याला शिव्या घालत होती. त्याशिवाय ती केक कापत नसे.

पिकोवाल्यांची रीत अशी, की दुर्मिळ तबकडीवरचं नाव खरवडून टाकायचं, म्हणजे पलीकडच्या पिकोवाल्याला ते कळत नाही. विल्फ्रिडोने सरसकट सगळी नावं खरवडली होती. शेजारच्या पिकोवाल्या एडिल्बेर्तोने रम पाजून विचारलं तरी तोंडातून निघू नयेत, म्हणून ती विसरूनही टाकली होती (हे त्याला फारसे कष्ट न घेता जमलं). तबकड्या तो डागांवरून ओळखायचा. नाचाच्या तबकडीवर पेरूच्या मुरंब्याने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता.

होता, म्हणजे त्या सकाळपर्यंत. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून न्यूरिसने सगळ्या तबकड्या भांड्यांच्या साबणाने घासून लख्ख केल्या.

संध्याकाळी पाहुणे जमले, रश्श्याचं पातेलं उतरलं आणि एल ट्रुएनोने आधी नाताळचं गाणं म्हटलं, मग मुष्टियुद्धाचं धावतं वर्णन ऐकवलं.

"सासरेबुवा, नाव सांगा, फोनवर लावतो," ऑर्लिस म्हणाला.

"नाव सांगायचं असतं तर खरवडलं कशाला असतं?"

शेवटी न्यूरिसनेच फोनपुढे चाल गुणगुणली. फोनने क्षणात गाणं शोधलं. तीस वर्षांचं गुपित पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकलं आणि एडिल्बेर्तो ताटलीसकट वाकून ते वाचू लागला. विल्फ्रिडो मनातल्या मनात चरफडला, पण बायको नाचायला उभी होती. निम्म्या गाण्यात ती थांबली.

"हे आपलं नाही. आपलं इथे अडकून उडी मारतं. मग आपणही मारतो."

विल्फ्रिडोला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता: ती उडी फोनकडेही नव्हती. त्याने एकेक तबकडी लावून पाहिली आणि अखेर ते गाणं अडकलं. दोघांनी उडी मारली. गुडघे करकरले, डोळे भरून आले, अंगणाने टाळ्या वाजवल्या.

एडिल्बेर्तोने चमचा खाली ठेवला. "अरे, ही उडी तर माझी आहे," तो म्हणाला. "माझ्याच हातून सुई पडली होती हिच्यावर. वैतागून एका खलाशाला दिली, रमच्या बाटलीवर. तो नंतर पोट धरून हसत होता. बंदरावर कुणा शहाण्याने तिच्या बदल्यात त्याला शिलाई मशीन दिलं म्हणे."

न्यूरिसने काहीतरी विचारलं. विल्फ्रिडोला ते ऐकू आलं नाही, कारण त्याने एल ट्रुएनोचा आवाज जाईल तेवढा वर नेला होता. गाणं फिरून त्याच जागी अडकलं. ह्या वेळी उडी त्याने एकट्यानेच मारली, कुंपणावरून, एडिल्बेर्तोच्या अंगणात.