वाऱ्याचा वेग निरंक

हवामान कार्यालयाच्या नमुना क्रमांक सातमध्ये वाऱ्याच्या वेगासाठी एकच रकाना होता. एक पुरेसा आहे असे कार्यालयाचे ठाम मत होते, कारण नमुना छापून आल्यापासून वाऱ्याने कधी तक्रार केलेली नव्हती.

त्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या निरीक्षकाच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत जाता जाता थांबला. पश्चिमेला पंचवीस किलोमीटरवर वादळी ढग आहे हे सकाळपासून सगळ्यांना माहीत होते. पण आता त्या ढगाच्या पोटात एक हिरवा ठिपका उमटला होता आणि त्याला खेटून एक लाल. हिरवा म्हणजे वारा रडारकडे येतो आहे, लाल म्हणजे दूर जातो आहे. दोन्ही शेजारी शेजारी, म्हणजे ढग स्वतःभोवती गरगर फिरू लागला आहे. तो सरकत होता शहराच्या पश्चिम वस्तीकडे. तिथे निरीक्षकाच्या ताईची बालवाडी होती. छप्पर पत्र्याचे, मुले एकेचाळीस, सुटायची वेळ चार.

नमुना सात भरल्याशिवाय इशारा निघत नसे, आणि नमुना भरण्याचा अधिकार हेडक्लार्कचा. त्यांना सगळे सरासरीकाका म्हणत. दोन आकडे शेजारी दिसले की त्यांची सरासरी काढल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे.

"काका, पटकन लिहा. ताशी एकशे दहा."

"येणारा की जाणारा?"

"दोन्ही! एकशे दहाने येतोय आणि शेजारीच एकशे दहाने जातोय."

काकांनी चष्म्यावरून पाहिले. "अहो, येणारा धरू की जाणारा, काय ते एक ठरवा. लग्नाला आलेले पाहुणेसुद्धा ठरवतात."

"तो फिरतोय, काका."

"फिरण्याला रकाना नाही." काकांनी पेनचे टोपण काढले. "जाणारा अधिक, येणारा उणे. अधिक एकशे दहा, उणे एकशे दहा, भागिले दोन." ते काळजीने काम करणारे गृहस्थ असल्यामुळे त्यांनी कॅल्क्युलेटरवरही करून पाहिले. मग रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले : निरंक.

निरीक्षक तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत घुसला.

"साहेब, बागेतलं घोड्यांचं चक्र आठवा. तुम्ही बाहेर उभे आहात. एका बाजूचे घोडे तुमच्याकडे येतात, दुसऱ्या बाजूचे लांब जातात. सरासरी काढली तर चक्र बंद आहे असं निघेल. पण वर बसलेल्या पोराला विचारा!"

साहेब प्रसन्न झाले. "उदाहरण फार सुंदर. प्रशिक्षण शिबिरात घ्या."

"साहेब, इशारा..."

"निरंकावर इशारा कसा देणार? गेल्या वर्षी दिला, तर वादळ वळून गेलं. दुकानं उगाच बंद ठेवावी लागली म्हणून लोक मोर्चा घेऊन आले. खोलीत छत्री धरून बसलेलं माझं चित्र पेपरात आलं. रकाना वाढवायचा असेल तर रीतसर प्रस्ताव द्या. नमुना समिती तीन महिन्यांनी बसते."

"ढग वीस मिनिटांत पोचतोय."

"मग त्याला त्या बैठकीचा लाभ मिळणार नाही," साहेब म्हणाले आणि कागदावर सही केली.

निरीक्षकाने जिन्यात येऊन स्वतःचा फोन काढला.

"ताई, सगळ्या पोरांना घेऊन मागच्या कोठीत जा. आत्ता."

"इशारा आलाय का?"

"नाही. आमच्या कार्यालयाच्या मते वारा वाहतच नाहीये."

"मग? लहानपणी भूकंप झाला म्हणून मला पलंगाखाली घातलं होतंस, आणि बाबा कपाट सरकवत होते!"

"ताई, पाया पडतो तुझ्या."

धाकट्याने आजवर फक्त भांडताना आवाज चढवला होता. आज तो खाली आला होता. मग ताईचा आवाज आला, पण त्याच्यासाठी नव्हे : "चला रे, आगगाडी! पुढच्याचा सदरा धरा. इंजिन मी. शिट्टी कोण वाजवणार?"

तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी बालवाडीचे छप्पर उठले आणि दोन गल्ल्या पलीकडच्या मैदानात जाऊन उताणे पडले. सिमेंटच्या कोठीतून खडूच्या भुकटीने पांढरी झालेली आगगाडी बाहेर आली. ताईने डबे दोनदा मोजले. एकेचाळीस.

चौकशी झाली. वाऱ्याचा वेग निरंक असल्याची सहीनिशी नोंद उपलब्ध असल्याने, छप्पर स्वतःहून गेले असा निष्कर्ष निघाला. निरीक्षकाला नोटीस मिळाली : नातेवाइकास अनधिकृतपणे हवामान पुरवल्याबद्दल. त्याने उत्तर दिले, "नोंदीनुसार त्या वेळी वारा नव्हता. त्यामुळे मी पुरवलेले ते हवामान नव्हते, भावाबहिणीचे बोलणे होते." काकांना हा हिशेब पटला. प्रकरण मिटले.

पालकांचे मात्र मिटले नाही. मुलांना परवानगीशिवाय अंधाऱ्या खोलीत बसवले, गणवेश मळवले, पुढच्या वेळी आधी आम्हाला कळवावे, असा अर्ज ताईकडे आला. खाली एकेचाळीस सह्या. त्यांत एक तुमची होती.

म्हणून परवा पडद्यावर हिरव्याला खेटून पुन्हा लाल दिसला आणि धाकट्याचा फोन आला, तेव्हा ताईने मुलांना कोठीत नेता नेता तुम्हा सर्वांना पालकांच्या ग्रुपवर कळवले : ढग फिरतो आहे, घरात थांबा, खिडक्यांपासून लांब. तुम्ही अंगठा पाठवलात. मग ढग खरेच फिरतो का ते बघायला फोन उंच धरून गच्चीवर गेलात.

चित्रण छान आले आहे. शेवटी शेवटी फार हलले, एवढेच.