गुरप्पाअण्णांचा हलका कॅमेरा

ये गं पोरी, अशी जवळ ये. पाहुण्यासारखी उंबऱ्यावर काय टेकलीस? वर्षभर आत्याला तोंड दाखवलं नाहीस, आणि आज आलीस ती तासाभरासाठी. तेही कशाला, तर 'परदेशात न्यायला हलका कॅमेरा कुठला घेऊ' हे विचारायला! बोटीची तिकिटं निघाली, ट्रंका भरल्या, आणि आता आत्या आठवली होय? बरं, ती दुकानाची चित्रांची पुस्तकं मिटून ठेव बघू. त्यातलं मला काही कळत नाही. पण कॅमेरा कसा निवडतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या शेजारच्या गुरप्पाअण्णांनी निवडला होता.

निवडायच्या आधी हा माणूस महिना-दीड महिना गळ्यात हरभऱ्याची डाळ घालून हिंडत होता.

हसू नकोस, खरंच सांगते. जुन्या धोतराच्या काठाचा पट्टा, त्याला खादीची पिशवी, आणि पिशवीत डाळ. ती गळ्यात अडकवून अण्णा बाजारात जायचे, देवळात जायचे, तलावावर फिरायला जायचे. पुजाऱ्याला वाटलं नवस आहे. पोस्टमनला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय. अण्णा मात्र शांतपणे सांगायचे, "कॅमेऱ्याची सवय करून घेतोय. बोटीवर गेल्यावर मान धरली तर काय समुद्रात फेकू तो?"

अण्णा मूळचे दुधनीकडचे. इथं स्टेशनवर मालगुदामात कारकून होते आणि तिथूनच पेन्शनीत निघाले. सगळी नोकरी काट्यापाशी गेलेली, त्यामुळं जगातल्या कुठल्याही वस्तूचा भाव, रंग, रूप त्यांना नंतर दिसायचं, आधी वजन. "आधी उचला, मग बोला," हे त्यांचं पेटंट वाक्य. वांगी घ्यायची असोत की पितळी घागर, आधी उचला, मग बोला. एकुलत्या एका लेकीला, निलूला, स्थळ बघायला गेले तेव्हा बाकीची मंडळी मुलाचं शिक्षण विचारत होती. अण्णांनी मुलाला कोपऱ्यातली ट्रंक उचलून दाखवायला लावली. मुलानं उचलली. अण्णा म्हणाले, "ठरलं."

तोच जावई पुढं आफ्रिकेतल्या रेल्वेत नोकरीला लागला आणि निलूला घेऊन नैरोबीला गेला. चार वर्षं झाली तरी लेकीचं येणं नाही. शेवटी जावयानंच अण्णांना बोलावलं, या आणि चार महिने राहून जा. अण्णांच्या बायकोनं, गंगव्वानं, जायचा प्रश्नच नव्हता. ती जवळच्या मोहोळपर्यंत गाडीत बसली तरी ओकाऱ्यांनी आडवी व्हायची. समुद्राचं नाव काढलं की हिला इथंच ओट्यावर घेरी. म्हणून अण्णांनी एकट्यानं जायचं, आणि जाताना कॅमेरा न्यायचा असं ठरलं.

आता डाळीत एक गंमत झाली. गंगव्वाला आमटीला डाळ कमी पडली, की ती अण्णा दुपारी झोपलेले बघून खुंटीवरच्या पिशवीतली मूठभर काढायची. आणि अण्णा रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून सांगायचे, "अक्का, सवय झाली बघा. सुरुवातीला मान मोडत होती. आता गळ्यात काही आहे असं वाटतच नाही."

वाटेल कसं? पिशवीत ओंजळभर डाळ उरली होती!

कळलं तेव्हा अण्णा चुलीपाशी जाऊन उभे राहिले. "म्हणजे इतके दिवस मी खाल्ली ती आमटी माझ्या कॅमेऱ्याची होती?"

"व्हय," गंगव्वा म्हणाली. "आन् वाटी वाटी मागून खाल्लीसा की."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. अण्णा विचारात पडले. मग म्हणाले, "एका परीनं बरंच झालं. माझ्या मानेला सोसवतं ते एवढंच. आता ह्या डाळीएवढा कॅमेरा बघायचा." आणि ती उरलेली डाळ पुडीत बांधून ते नव्या पेठेत महबूबभाईंच्या फोटोच्या दुकानात गेले. मला तिथंच शेजारी बांगड्या भरायच्या होत्या, म्हणून मीही गेले. बांगड्या राहिल्या बाजूला. तो तमाशा सोडून कोण जाणार?

महबूबभाईंनी पुडी बघितली. "क्या अण्णा, फोटू की दुकान में दाल कायको लाए?"

"हिच्याएवढा कॅमेरा दाखवा."

महबूबभाईंनी आधी तिवईवरचा मोठा लाकडी कॅमेरा दाखवला, काळ्या कापडाचा. अण्णांनी तो तिवईसकट उचलला, खाली ठेवला, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "ह्याला बैलगाडी लागेल." मग पत्र्याच्या पेटीसारखा एक काढला. "ये लेव. बच्चा बी निकालता इस पे फोटू." अण्णांनी तो गळ्यात अडकवून दुकानात तीन फेऱ्या मारल्या, नळावर पाणी पितात तसं वाकून बघितलं, खुर्चीत बसून डुलकी काढल्यासारखं केलं. मग कानाशी धरून कळ दाबली. "आवाज लई करतो. दाराची कडी लावल्यासारखा."

"आवाज से क्या करना जी? फोटू देखो की!"

"आवाज नको."

"चोरी करने जारे क्या अण्णा?"

"तसंच समजा," अण्णा म्हणाले. थट्टेत नाही हं, अगदी सरळ तोंडानं.

शेवटी महबूबभाईंनी आतल्या कपाटातून एक चिमुकला कॅमेरा काढला. मिटला की चष्म्याच्या घरासारखा चपटा, उघडला की पुढून लोहाराच्या भात्यासारखं काळं नाक बाहेर येतं. अण्णांनी एका तळव्यावर तो घेतला, दुसऱ्यावर डाळ. डोळे मिटले. मग कळ दाबून ऐकली. पाल चुकचुकल्याएवढाच आवाज. "हा," म्हणाले.

महबूबभाई भला माणूस. विकायच्या आधी त्यांनी काड्यापेटी काढून दाखवली. "देखो अण्णा, इसका फोटू इत्ताच आता. बाद में बोलना नक्को."

"चालेल. माणूस मावला म्हणजे झालं."

मला काही चैन पडेना. लेकीकडं चाललेला बाप कॅमेऱ्याचा आवाज कशाला ऐकतो? घरी आल्यावर मी गंगव्वालाच विचारलं. ती उठली आणि कोनाड्यातून निलूचा फोटो घेऊन आली. नैरोबीहून दोनच महिन्यांपूर्वी आलेला. दुकानात काढलेला. मागं पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात हंस, आणि खुर्चीवर हात ठेवून उभी निलू. जरीचं लुगडं, दोन्ही खांद्यांवर पदर, हसरं तोंड.

"छान आहे की," मी म्हटलं.

"छान हाय. पर ही माजी निली न्हाय अक्का. ही पडद्याम्होरं हुबी केल्याली बाई हाय. हस म्हनल्यात म्हनून हसती हाय." तिनं फोटो पदरानं पुसला. "पत्रात बी खुशाल, फोटूत बी खुशाल. खुशाल असल्यालं मानूस दर येळंला खुशालच म्हनतंय व्हय?"

मला ते पटलं, कारण निलू मला ठाऊक होती. लहानपणी तिचं बोट दारात चेमटलं होतं, नख काळंनिळं. बाप घरी येईपर्यंत रडली, आणि बाप आल्यावर हात पाठीमागं धरून हसत बसली. का, तर बापाला वाईट वाटेल. असल्या पोरीच्या खुशालीवर आईनं विश्वास ठेवायचा तरी कसा?

"म्हनून ह्यास्नी सांगितलंय," गंगव्वा म्हणाली, "मला तिचा फोटू नगं. तिला ठावं नसताना ती कशी असती, त्येवडं घिऊन या."

मग कळलं मला हलका कशाला आणि बिनआवाजी कशाला.

पण कॅमेरा घेणं सोपं, पोरी. ठाऊक नसताना माणूस पकडणं कठीण. जायच्या आधी अण्णांनी आमच्या गल्लीत सराव सुरू केला, आणि सगळी गल्ली बिघडवली. कोटाच्या खिशातून ते काळं नाक डोकावलं रे डोकावलं, की माणसाचा पुतळा! समोरचे राजण्णा हातमागावर बसलेले असायचे. एरवी धोटा असा पळायचा की डोळ्याला दिसू नये. अण्णा खिडकीशी गेले, की राजण्णा माग थांबवून, मिशा सारख्या करून, मांडीवर हात ठेवून बसायचे.

"अहो, काम चालू ठेवा की!"

"एवढा एक फोटो निघणार माझा," राजण्णा म्हणायचे, "त्यात बी कामच करू का?"

गवळ्यानं म्हशीला आंघोळ घालून आणली. मास्तरीणबाई आत पळाल्या आणि नथ घालून आल्या, तोवर ऊन गेलं. अण्णा वैतागून म्हणायचे, "मला तुमचा फोटो नकोय हो, मला तुम्ही पाहिजे!" त्याचा अर्थ कुणालाच लागत नव्हता.

गल्लीत एकच माणूस सापडला, ती मी. ओट्यावर मिरच्या निवडत होते आणि भाजीवालीला झापत होते. अण्णा कधी आले कळलंच नाही. आठ दिवसांनी काड्यापेटीएवढा फोटो हातात पडला. तोंड हे एवढं उघडं, बोट वर, पदर एकीकडं, आत्या एकीकडं! मी तो फाडून बंबात टाकला. अण्णा मात्र खूश. "अक्का, तुम्ही अगदी जशाच्या तशा आल्या होत्या." म्हटलं, अण्णा, लवकर जा आता आफ्रिकेला.

गेले. आणि चार महिन्यांनी परत आले. काळवंडले होते, पण तब्येतीनं सुधारले होते. आल्याआल्या फिल्मची सगळी गुंडाळी महबूबभाईंकडं धुवायला दिली. ते होईपर्यंत गल्ली रोज विचारायची, निलू कशी आहे? अण्णा सांगायचे, "मजेत आहे. जावई चांगला आहे. घरामागं अंगण आहे." एवढंच. बोटीवरच्या गमती तासतास सांगणारा माणूस लेकीबद्दल इतकं आखडून का बोलतो, ते मला कळेना.

फोटो आले त्या दिवशी सकाळी गंगव्वानं मलाही बोलावलं. उजेड हवा म्हणून आम्ही ओट्यावर बसलो. महबूबभाईंनी चांगले फोटो वर लावले होते आणि बिघडलेले खाली, वेगळे बांधून. वर बोट होती, इंजिनापाशी छाती काढून उभा जावई होता, खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलेली निलू आणि जावई होती. गंगव्वा एकेक बघून माझ्याकडं सरकवत गेली. चेहरा कोरा. मग तिनं खालची पुडी सोडली.

त्यात एक फोटो होता. घरामागचं अंगण, ऊन, चूल, आणि चुलीपाशी बसलेली निलू. तीही पाठमोरी, तोंडाचा पत्ता नाही. हात तर नुसते पांढरे फटकारे, धुरासारखे.

"तो बिघडला," अण्णा म्हणाले. "भाकरी थापत होती, हात हलले."

गंगव्वानं तो डोळ्यांशी नेला. पुन्हा लांब धरला. तिरका केला. किती वेळ! अण्णा आधी रस्त्याकडं बघत होते, मग तिच्याकडं बघायला लागले. शेवटी त्यांच्यानं राहवेना.

"गंगे," ते म्हणाले, "बरी हाय न्हवं गं ती?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चार महिने लेकीच्या घरी राहून आलेला माणूस, आणि इथं ओट्यावर बसलेल्या बायकोला विचारतोय!

गंगव्वानं मान वर केली. "मला काय इचारतासा? तुमी बगून आलासा की."

"मी काय बघितलं?" अण्णा म्हणाले. "मी समोर असलो की हसती. सकाळी उठलो की हसती, झोपाय गेलो की हसती. त्या पडद्याम्होरंच हुबी असल्यागत. चार महिनं मी दारं-खिडक्यांच्या आड हुबा ऱ्हायलो गं, चोरागत. त्यात एवढा एक मिळाला. त्यो बी असा. मला काय त्यातलं कळंना. तू बघून सांग."

बोलताना ते मला विसरले होते.

गंगव्वानं फोटो त्यांच्या हातात दिला आणि काडीएवढ्या त्या निलूवर बोटाचं टोक टेकवलं.

"हे बगा. पदर डुईवर न्हाय. खांद्यावर बी न्हाय. वडून कमरंला खोचलाय. घरात जिला भ्या असतंय, ती असा पदर खोचत न्हाय. माजी सासू हुती तवर मी कंदी खोचला न्हाय. आन् बांगड्या बगा, पार कोपरापातूर सारल्यात. हात बिगडल्यात म्हंतासा, आवो, त्ये किती दणक्यात थापती हाय म्हनून तसं आल्यात! रडक्या बाईची भाकरी अशी थापली जात न्हाय. गानं म्हनत असंल."

"म्हणत होती," अण्णा हळूच म्हणाले. "व्हय. म्हणत होती."

"मग?"

अण्णांनी फोटो जवळ नेला, दूर नेला, बायकोनं केलं तसाच तिरका केला. मग म्हणाले, "पुन्यांदा सांग की."

"काय?"

"त्ये पदराचं."

आणि गंगव्वानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तर पोरी, कॅमेऱ्यांची नावं मला येत नाहीत. हातात धर, गळ्यात घाल, आवाज ऐक, आणि कुणासाठी नेतेस ते मनाशी ठरव. उठलीस? गाडीची वेळ झाली असेल, जा. पण बोटीत बसायच्या आधी एकदा राहायला ये, चांगली दोन दिवस. आणि हे बघ, पत्र टाकून येऊ नकोस. तू येणार असं कळलं, की मी लुगडं बदलून, हसरं तोंड करून बसेन. तशीच ये, न कळवता.