विसूअण्णांची सैल झाकणं

विसूअण्णा कोणाच्याही घरी गेले की आधी त्या घरातली झाकणं सैल करत. चहा येईपर्यंत साखरेचा डबा, औषधाची बाटली, जे हाती लागेल त्याचं झाकण एक फेरा उलटं फिरवून ठेवायचे. त्यांनी हात लावलेली लोणच्याची बरणी एकदा माझ्या पिशवीत उपडी झाली आणि सोलापूरच्या भर बाजारात माझं धोतर लालभडक झालं. मी चिडलो, तर म्हणाले, "असू द्या हो, हाताला सोपं पडतं." आता याच्याशी भांडायचं तरी काय, कपाळ!

हा माणूस आमच्या गिरणीत केमिस्ट होता आणि मी गोदामाचा कारकून. त्या उन्हाळ्यात कापडावरचे तेलाचे डाग काढायला एक नवं द्रावण पिंपांतून आलं. पेट्रोलच्या जातीचं, भराभर उडून जाणारं, ठिणगी पडली तर भडका. मॅनेजरसाहेबांना ती पिंपं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायची होती. शेडला लागूनच पाळणाघर. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया तिथे तान्ही पोरं निजवून कामावर जात. वैशाखात त्या पत्र्याखाली बंद पिंपातली वाफ किती रेटा देईल, हे अण्णांनी मोजून सांगायचं होतं.

अण्णांनी आदल्या दिवशीच बाटलीत नमुना काढून ठेवला होता. तो काचेच्या फुग्यात भरला, फुगा पाण्यात बुडवला आणि त्याला पाऱ्याची वाकडी नळी जोडली. पाणी शेडइतकं तापवायचं आणि वाफ पाऱ्याला किती ढकलते ते बघायचं. अण्णा श्वास रोखून बघत होते, आम्हालाही घेऊ देत नव्हते. पारा जेमतेम हलला.

"ठेवा पिंपं," अण्णा म्हणाले. आम्ही ठेवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांच्या टेबलावरची ती बाटली उचलायला गेलो, तर बूच नुसतंच हातात आलं.

"अण्णा, हे सैल कसं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. चेहरा पांढराफटक पडला.

"मीच केलं असणार. हलकं होतं ते रात्रीतच उडून गेलं. अहो, मी खाली उरलेलं जड तेवढंच मोजलं! पिंपांतला रेटा याहून कितीतरी जास्त!"

"मग पुन्हा मोजू या."

"मोजायचं मागाहून! आधी पोरं!"

साठीला आलेला माणूस त्या उन्हात अनवाणी पळत सुटला. मी मागे. शेडमधून टण् टण् आवाज येत होते, पिंपांची बुडं फुगत होती. एका बुचातून सूं सूं वाफ सुटली होती आणि वासाने डोकं गरगरत होतं. पलीकडे एक हमाल विडी ओढत बसला होता. अण्णांनी ती त्याच्या ओठांतून ओढली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली.

पाळणाघर सांभाळणारी यल्लव्वा दारात आडवी आली. "आत्ता कुटं निजल्यात की वो सायेब, कशाला उटवता?"

"उठवा! रडू द्या त्यांना!"

दोन्ही काखांत दोन पोरं घेऊन अण्णा चिंचेखाली आले आणि पुन्हा आत पळाले. पाळणे रिकामे झाले तेव्हाच ते खाली बसले. मग आम्ही पिंपांवर ओली पोती टाकली आणि संध्याकाळी ती थंड तळघरात हलवली. ताज्या नमुन्यावर पारा नळीच्या टोकापर्यंत चढला.

कुणाला काही झालं नाही. अण्णांना मी घरी पोचवलं. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात ते एकटेच. स्वयंपाकघरातल्या फळीवर सगळ्या डब्यांची झाकणं सैल. माझं टाळकंच सरकलं.

"आता तरी ही खोड सोडा, अण्णा!"

ते हळूच म्हणाले, "हिची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. मी गिरणीत गेलो की हिला एक डबा उघडेना. म्हणून सकाळी निघताना सगळी झाकणं सैल करून जायचो. ती गेली. हाताला काही ते कळलं नाही."

मी फळीवरचा एक डबा खाली घेतला.

"तुम्हीच लावा घट्ट," ते म्हणाले. "मला नाही जमायचं."

मी एकेक डबा घट्ट लावत गेलो. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटच्या डब्याला हात घातला, तेवढ्यात ते वळले.

"तेवढा चहाचा राहू द्या. दुपारी तिला तलफ येते."

मी तो डबा तसाच ठेवला.