पायडल अजून नरमच

ब्रेकचा पायडल नरम आहे, एवढं सांगून देवसिंगकाकांचं भागत नसे. किती नरम, ते खाण्याच्या भाषेत सांगावं लागे.

"कसा लागते, मास्तर?" पिकअपखालून प्रश्न येई. "पातळ पिठलं, का घट्ट झुणका?"

"साधारण पिठलं."

"साधारण पिठलं काय असते जी? ताटात वाहून राह्यलं, का ठायीच बसलं?"

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. दारव्ह्याच्या शाळेत मी मुलांना व्याकरण शिकवत होतो आणि रविवारी सकाळी मोटारीत बसून पिठल्याचे प्रकार सांगत होतो. काकांच्या शास्त्रात पिठल्यावर झुणका, झुणक्यावर शिळी भाकर आणि सगळ्यात शेवटी जातं. जात्याच्या दगडासारखा पायडल कडक लागला, की ब्रेक दुरुस्त. पण जात्यापर्यंत आम्ही कधी पोचतच नव्हतो.

नाही म्हणण्याची सोय नव्हती. नोकरी लागून मी या गावात उतरलो तेव्हा माझी पत्र्याची पेटी काकांनीच स्टँडवरून आणली होती, शेजारची खोलीही त्यांनीच मिळवून दिली होती. उपकाराखाली दबलेल्या माणसाला पायडल दाबावाच लागतो.

पिकअप लढाईनंतरच्या लिलावातली, लष्करी. काका तांड्यातले. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर मीठ वाहायचा. "आज्याच्या बैलाले कुठं ब्रेक होता?" काका म्हणत. "तोंडानं 'हो' म्हटलं, का उभा." मोटारीलाही ते उतारावर 'हो, हो' म्हणत. ती ऐकत नसे. एकदा एका भाजीवालीच्या वांग्यांवर जाऊन थांबली आणि तेव्हापासून अंगणात उभी होती.

दोष साधा होता. ब्रेकच्या तेलात हवा शिरली होती. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पायडल दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली चाकामागचा छोटा स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडतात. स्क्रू आवळायचा, मग पायडल सोडायचा. पूर्वी वर बसायच्या जमनाकाकू, काकांच्या बायको. पावसाळ्याआधी त्यांच्या उजव्या पायावरून वारं गेलं. तेव्हापासून त्या ओसरीवर बाजेवर बसून असत आणि पायडल माझ्याकडे आला होता.

"दाबा!"

"दाबला."

"सोडा!"

"सोडला. काका, आता जरा घट्ट लागतोय. झुणका म्हणायला हरकत नाही."

"झुणका? बस. आता बस. पुरे."

हा माणूस नेमका इथे थांबे. हवा निघते आहे, बुडबुडे दिसताहेत, पायडल सुधारतो आहे, आणि काका फडक्याला हात पुसत बाहेर येत. "एका दिवसात सगळी हवा काढू नाही. मोटारीले मानवत नाही."

हायवेवर ट्रक दुरुस्त करणारा एक मिस्त्री एकदा चहाला आला होता. "चाचा, घंटाभर का काम है," म्हणाला. काकांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि कप दिला. "चहा पी, अन् आपल्या रस्त्यानं जाय."

मला राग येण्याचं कारण माझी आई होती. ती बोरी अरबला एकटी राहत होती. माझ्याकडे यायला तयार होती, पण तिचं जातं घेऊन. "दुसऱ्याच्या जात्यावरचं पीठ माह्या गळ्याखाली उतरत नाही," असं तिचं म्हणणं. "आई अन् जातं एकाच खेपेत आणतो," असं काकांनी पेटी उतरवतानाच कबूल केलं होतं. ते मी आईला सांगितलं आणि आईनं ते गावाला सांगितलं. आता मी गावी गेलो, की विहिरीवरच्या बाया विचारत, "काहो, मोटार कुठी ठेवली?" बैलगाडीचं नाव काढलं, की आई तोंड फिरवून बसे. सांगितलं होतं मोटारीचं.

एका रविवारी मी चिडलो. "काका, हिवाळा आला. तुम्हाला ब्रेक दुरुस्त करायचा आहे की नाही?"

"करायचाच हाये. पण सबुरीनं. तुमी शिकले लोक मोठे उतावीळ."

ओसरीवरून काकू म्हणाल्या, "मास्तर, तुमी कायले जीव जाळून राह्यले? असल्या येड्या बयताडाच्या नादी लागू नये माणसानं."

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी शाळा लवकर सुटली. दुपारी खोलीवर परतलो, तर पिकअपचं दार उघडं होतं. आत काकू बसल्या होत्या. खाली जमिनीवर काका उकिडवे. काकूंचा उजवा पाय पायडलवर होता आणि काकांचा तळहात त्यांच्या टाचेखाली, टेकू न देता, नुसता धरलेला.

"दाब."

पायडल हळूहळू खाली गेला. मध्येच अडला. काकूंच्या कपाळावर घाम होता. पुन्हा थोडा गेला.

"लागला तळाले?"

"लागला."

"कसा लागते?"

"पातळ पिठलं," काकू म्हणाल्या.

"झूट नोको बोलू. रविवारी मास्तरनं झुणका केला त्याचा."

काकू हसल्या. तेवढ्यात काकांना मी दिसलो. ते उठले, धोतराची धूळ झटकली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "डाक्टर म्हणे पायाले काही दाबाले द्या. टाईट पायडल तिले दबत नाही. म्हून जेवढा तिचा पाय चालते, तेवढीच हवा काढतो मी. कोणाले सांगू नका, मास्तर. लोक म्हणतीन, मोटारीचा दवाखाना केला."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग घाई कायले करतं? जातं काय पळून राह्यलं?" विहिरीवरच्या बायांनाही तीच पाहून घेणार होती.

त्यानंतर मी शिळ्या भाकरीपर्यंत आलो, की काकांनी म्हणायच्या आत स्वतःच 'पुरे' म्हणू लागलो.

थंडी सरता सरता एका रविवारी काकांनी हाक मारलीच नाही. मीच अंगणात गेलो. "आज पाय नको तुमचा," ते म्हणाले आणि पाना घेऊन पिकअपखाली शिरले. वर काकू बसल्या होत्या, पदर खोचून.

"दाब."

"दाबला."

"सोड."

"सोडला."

असं पुष्कळ वेळ चाललं. त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मी आपले दोन्ही पाय घेऊन बाजूला उभा होतो.

"आता कसा लागते?"

काकूंनी पाय रोवला. दात आवळून दाबला. पायडल जेमतेम हलला आणि थांबला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"जातं," त्या म्हणाल्या.

पिकअपखालून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. काकांचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते.